सोलापूरच्या कॉलेजच्या निकालांवर डेटा मायनिंग करायचं आहे, अल्गोरिदम कोणता घेऊ?

तुमच्याकडे बीएस्सीच्या काही बॅचचे निकाल आहेत आणि कोण नापास होईल हे परीक्षेआधी ओळखायचं आहे. वेका (Weka) या डेटा मायनिंगच्या सॉफ्टवेअरमधला जे-४८ (J48) अल्गोरिदम घ्या. तो डिसिजन ट्री, म्हणजे एकामागून एक प्रश्न विचारत निर्णयापर्यंत नेणारं झाड बनवतो, त्यामुळे निघालेलं झाड कागदावर काढून सरांना दाखवता येतं. पण असे प्रोजेक्ट अल्गोरिदममुळे फसत नाहीत, डेटामुळे फसतात.

सत्रं जोडताना पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) धरा. सीट नंबर परीक्षेगणिक बदलतो. 'एबी' (गैरहजर) असेल तिथे शून्य भरू नका, गैरहजेरीचा वेगळा रकाना करा. पेपर लिहून शून्य मिळणं आणि परीक्षेलाच न येणं यांची कारणं निराळी असतात. मग गुणांचा आलेख काढा. समजा ८० पैकी ३२ ला पास आहे. २९, ३०, ३१ वर जवळजवळ कुणी नाही आणि ३२ वर एकदम उंच खांब, असं दिसलं तर तो बहुधा ग्रेसचा, म्हणजे पास करायला वाढवून दिलेल्या गुणांचा परिणाम. मूळ गुण मिळाले तर तेच घ्या, नाहीतर ३२ वाल्यांचा 'काठावर' असा तिसरा गट करा. कोविडकाळातल्या ऑनलाइन बहुपर्यायी परीक्षांचे गुण यात मिसळू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याच सत्राचे एकूण गुण, ग्रेड किंवा एसजीपीए (सत्राची ग्रेड-सरासरी) इनपुटमध्ये राहणं. त्यात उत्तरच दडलेलं असतं, म्हणून ९८ टक्के अचूकता दिसते. प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारा: हे परीक्षेच्या महिनाभर आधी माहीत होतं का? अंतर्गत चाचणी, हजेरी, मागच्या सत्राचे बॅकलॉग, बारावीपर्यंतचं माध्यम (आपल्याकडे मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही भेटतात) हे चालेल. हजेरी तासवार मिळाली तर फारच छान. अक्कलकोट-मोहोळहून एसटीने येणाऱ्याचा पहिला तास बुडतो. सरासरी हजेरीत ते दिसत नाही.

नुसत्या अचूकतेवर जाऊ नका. १०० पैकी ८५ पास असतील तर 'सगळे पास' म्हणणारं मॉडेलही ८५ टक्के अचूक ठरतं. खऱ्या १५ नापासांपैकी किती पकडले ते मोजा. मॉडेलला जुन्या बॅचवर शिकवा, शेवटच्या बॅचवर तपासा. जे-४८ मध्ये झाडाच्या पानावरच्या (फांदीच्या शेवटच्या टोकावरच्या) किमान नोंदी मुळात २ असतात, त्या १५-२० करा. नाहीतर झाड दोन-दोन पोरांपुरते नियम पाठ करतं.

कोणते विषय जोडीने जातात हे पाहायला अप्रायोरी (एकत्र घडणाऱ्या गोष्टींचे नियम शोधणारा अल्गोरिदम) वापरा, पण लिफ्ट बघा, म्हणजे नियम एरवीपेक्षा किती पट जास्त वेळा खरा ठरतो ते. 'गणितात गेला तर डेटा स्ट्रक्चरमध्येही जातो' हा नियम ७० टक्के वेळा खरा, पण डेटा स्ट्रक्चरमध्ये एरवीही ६५ टक्के जात असतील, तर लिफ्ट जेमतेम १.०८. त्यातून काही सिद्ध होत नाही.

प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या. नावं काढा, पीआरएनच्या जागी स्वतःचे क्रमांक द्या आणि त्यांची जुळणी-यादी कॉलेजातच राहू द्या. मार्गदर्शन कुणाला द्यायचं ते तिथूनच कळेल.