गाडी ओढेल, पण पेलेल का? इंक्स लेकच्या दोन रात्रींबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑस्टिनला राहता, पुण्याहून आई-बाबा आलेत, दोन मुलं आहेत, गाडी टोयोटा हायलँडर. ऑक्टोबरात शुक्रवार ते रविवार टेक्ससच्या इंक्स लेक स्टेट पार्कला भाड्याचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) घेऊन जायचंय. ट्रेलर आजवर कधी ओढलेला नाही. गाडीची क्षमता ५,००० पाउंड, ट्रेलर ४,००० चा, म्हणजे जमेल ना? शिवाय आईंना संडासाची काळजी.

जाणं जमेल, पण सहाही जण त्या गाडीत बसून मागे ट्रेलर, हे जमणार नाही. भाड्याने देणारे तुम्हाला ओढायचा आकडा सांगतात. पेलायचा आकडा कुणी सांगत नाही आणि सहा माणसांच्या कुटुंबाचं गणित तिथेच फसतं.

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये असं सांगणारा. हा आकडा एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही वेगळा असू शकतो, म्हणून गूगल करू नका, तुमच्याच दारावरचा वाचा. उदाहरणापुरते १,४०० धरू. चार मोठी माणसं, सरासरी १६०, झाले ६४०. दोन मुलं मिळून १३०. डिकीत खुर्च्या, कूलर, कपडे आणि आईंनी 'असू दे, लागेल' म्हणून घेतलेलं सगळं मिळून १५०. इथेच ९२० झाले. आता ट्रेलरचं नाक. ते गाडीच्या हिचवर (गाडीच्या मागच्या जोडावर) टेकलेलं असतं आणि ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीवर टाकतं. ४,००० चे १३ टक्के म्हणजे ५२०. बेरीज १,४४०. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (नाकाचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटणारा जोड) लावलात तर त्याचं लोखंड वेगळंच. आणि ते ४,००० बहुतेक वेळा रिकाम्या ट्रेलरचं वजन असतं. एक गॅलन पाणी साडेआठ पाउंडांच्या आसपास भरतं. टाकीत ३० गॅलन घेऊन निघालात तर अडीचशे पाउंड नुसतं पाणीच. पार्कात साईटवर (ट्रेलर लावायच्या जागेवर) नळ आहे, त्यामुळे टाकी भरून नेण्यात काही अर्थ नाही.

यावर एक हुशारी सगळ्यांना सुचते: जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवू, म्हणजे नाक हलकं होईल. असं अजिबात करू नका. नाकावरचा भार १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो, आणि ती लाट वाढत जाते. तसं झालंच तर ब्रेकवर पाय मारू नका आणि स्टिअरिंगने त्याच्याशी भांडू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरच्या बटणाने किंवा दांडीने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावा. तुमच्या गाडीत ब्रेक कंट्रोलर आहे का, हे आधी बघा. बहुतेक एसयूव्हीत तो मुळात नसतो, वेगळा बसवावा लागतो.

तर दोन रस्ते आहेत. एक, आई-बाबा आणि एक मूल दुसऱ्या गाडीतून. दुसरा, आणि मी तुम्हाला हाच सांगेन: ट्रेलर साईटवर पोचवून घ्या. भाड्याने देणारे बरेच जण पैसे घेऊन ट्रेलर आणून लावून देतात आणि रविवारी घेऊन जातात. पार्कला आधी फोन करून विचारा की तुम्ही पोचण्याआधी त्यांना आत सोडतील का. यात कसला कमीपणा? टो करणं शिकायची हौस असेल तर कधीतरी आई-बाबा नसताना, रिकाम्या पार्किंगमध्ये शनिवारची सकाळ घालवा. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग खाली, घड्याळात सहा असतो तिथे धरा. ट्रेलरची मागची बाजू डावीकडे हवी असेल तर हात डावीकडे न्या. इतकंच. बाकी सगळा सावकाशपणा.

स्वतः ओढायचंच ठरलं तर लिबर्टी हिलवरून हायवे २९ ने बर्नेट आणि तिथून पुढे पार्क रोड ४ असे या. हायवे २८१ वरून मागच्या बाजूने, लाँगहॉर्न कॅव्हर्न या गुहेवरून येणारा पार्क रोड दिसायला सुंदर आहे, पण वळणावळणाचा आणि चढउताराचा. पहिल्या खेपेला तो नको. पाटीवर ७० लिहिलेलं असलं तरी ६० ने चला, मागचा शिव्या देत ओव्हरटेक करून जाईल. आणि उजेडात पोचा. ऑक्टोबरात सातच्या सुमाराला अंधार होतो, शुक्रवारी ऑफिस संपवून निघाल्यास हमखास अंधारात पोचाल. अर्धी सुट्टी टाका.

आमची पहिली ट्रिप याच पार्कात झाली, २०१६ ला. साईट जराशी उताराची, तळ्याकडे झुकलेली. सासरे म्हणाले, तुमचं चालू द्या, मी आत चहा टाकतो. मी नाकाखालचा जॅक खाली सोडला, साखळ्या काढल्या, वायर काढली, अगदी यादीप्रमाणे. जॅक फिरवत नाक बॉलवरून (हिचवरच्या लोखंडी गोळ्यावरून) वर उचललं आणि ट्रेलर निघाला. फार नाही, फूटभर. जॅकचा पाय खडीत नांगरासारखा रुतला आणि थांबला. आतून सासऱ्यांचा शांत आवाज आला, "निघालो का आपण?" चहाचं आधण अर्धं ओट्यावर. एसटीचा ड्रायव्हर घाटात थांबला की उतरून आधी चाकाला दगड लावतो, हे लहानपणापासून बघितलेलं, पण मी रबरी ठोकळे डिकीतच ठेवले होते. तेव्हापासून गाडी थांबली की कुणीही काहीही सोडायच्या आधी दोन्ही बाजूंच्या चाकांना ठोकळे, आणि कडी सुटेपर्यंत आत कुणी नाही. ट्रेलर पोचवून घेतलात तरी ठोकळे लागलेत का ते स्वतः वाकून बघा.

कोपऱ्यांचे चार जॅक फक्त डुगडुग थांबवायला असतात. त्यांनी ट्रेलर उचलून सपाट करायचा नसतो, वाकतात. डावी-उजवी बाजू चाकाखाली फळ्या घालून आणि पुढची-मागची नाकाच्या जॅकने सपाट करायची.

वीज. साईटवर ३० अँपिअरची जोडणी असेल तर १२० व्होल्टला ३,६०० वॉट मिळतात. घरात आपण हा हिशेब कधी करत नाही, म्हणून इथे फसतो. छतावरचा एसी चालू असताना बारा-तेरा अँपिअर खातो. १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर १५. पाण्याचा बंब विजेवर असेल तर आणखी बारा. पोह्यांना कांदा टाकला, तिकडे कुणीतरी बंब लावला, की सगळं गप्प. बंब गॅसवर करा आणि इंडक्शन घरीच ठेवा.

नाहीतरी फोडणी आत करू नका. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म ठणाणा करतो, आणि हिंगाचा वास गाद्यांत बसला तर भाडेवाला सफाईचे जादा पैसे लावेल. साईटवर टेबल असतं, बाहेर दोन बर्नरची गॅस शेगडी मांडा. आम्ही भाजणी, चटणी, लोणचं घरून नेतो आणि संध्याकाळी बाहेर थालीपिठं लावतो. वासाने शेजारचे लोक येऊन बोलतात, हा त्या ट्रिपचा निम्मा आनंद. मात्र रात्री एकही डबा बाहेर ठेवू नका. रॅकूनने आमच्या बाकरवडीच्या डब्याची कडी काढून डबा रिकामा केला होता, झाकण शेजारी नीट ठेवलेलं. लाकडांची शेकोटी करायची असेल तर त्या दिवशी काउंटीत आगीवर बंदी आहे का ते गेटवर विचारा, टेक्ससमध्ये ती बरेचदा असते. आणि खुर्च्या मांडायच्या आधी जमीन बघा. फायर अँट्स म्हणजे आपल्या लाल मुंग्यांचे दादा. त्या पाण्याच्या नळीवरून आणि वायरीवरून ट्रेलरमध्येही चढतात.

आता आईंचा प्रश्न, जो मला सगळ्यात रास्त वाटतो. ट्रेलरमध्ये संडास असतो, बसका, पायाने दाबायच्या पेडलचा. खाली त्याची वेगळी टाकी, तिला ब्लॅक टँक म्हणतात. ती कोरडी पडू देऊ नये, नाहीतर घट्ट थर बसतो. म्हणून सुरुवातीलाच त्यात दोन-तीन गॅलन पाणी आणि औषध टाकून ठेवतात. त्यामुळे आईंना सांगा, खुशाल तांब्या वापरा, टाकीचं भलंच होईल. वाईप्स मात्र कुणीही टाकायचे नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. अडचण येते ती दुसऱ्या टाकीची. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी ग्रे टँकमध्ये जातं, ती साधारण ३० गॅलनची. सहा जणांनी आत आंघोळी केल्या की शनिवारी सकाळीच भरली, आणि पाणी मोरीतून उलटं वर. इंक्स लेकला साईटवर पाणी आणि वीज मिळते, सांडपाण्याची जोडणी नसते. तेव्हा आंघोळी पार्कच्या बाथरूममध्ये. तिथे शॉवर आहेत, गरम पाणी आहे. साईट निवडताना नकाशावर बाथरूम जवळ बघा, तळ्याकाठच्या साईटच्या मोहात पडून आईंना रात्री टॉर्च घेऊन लांब चालायला लावू नका. पार्कात छोट्या केबिनही आहेत, एसी असतो, पण संडास बाहेरच, म्हणून तो पर्याय तुमच्या कामाचा नाही.

टाक्या रविवारी निघताना डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, रिकाम्या करायच्या. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे घाला. ट्रेलर पोचवून घेतलात तर हे काम कुणाचं, ते आधीच लेखी ठरवा. ही एक ओळ न विचारल्यामुळे आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा डिपॉझिटवरून दोन महिने वाद चालला होता.

जागा तुम्ही उत्तम निवडलीत. कोलोरॅडो नदीवर (ग्रँड कॅनियनवाली वेगळी, ही टेक्ससची) बांधलेल्या तळ्यांच्या माळेत बुकॅनन आणि एलबीजे यांच्या मधलं हे छोटं तळं, १९३८ सालचं. दुष्काळात बुकॅननचं पाणी कुठल्या कुठे मागे जातं, इंक्सची पातळी मात्र जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे पाणी खरोखर साईटच्या पायथ्याशी असतं. किनाऱ्याचा गुलाबी खडक अब्जाहून जास्त वर्षांचा आहे. संध्याकाळचं ऊन त्यावर पडलं की बाबांचा फोन फोटोंनी भरेल. डेव्हिल्स वॉटरहोलला पोरंटोरं खडकावरून उड्या मारतात. तुमची मुलं आग्रह करतीलच, पण आधी स्वतः उतरून पाण्याची खोली बघा. होडी किंवा कयाक घेतलीत तर तेरा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट कायद्यानेच सक्तीचं आहे. काठावरून गळ टाकायला स्टेट पार्कात लायसन्स लागत नाही, बाबांना तेवढं काम पुरेल. शनिवारी दुपारी ऊन जास्त झालं तर जवळच्या लाँगहॉर्न कॅव्हर्नमध्ये जा, आत बाराही महिने ६८ अंश फॅरनहाइट. आईंचे गुडघे दुखत असतील तर आधी पायऱ्यांची चौकशी करा.

बुकिंग पाच महिने आधी उघडतं, त्यामुळे ऑक्टोबरचे वीकेंड आत्तापर्यंत गेले असतील. निराश होऊ नका, लोक आयत्या वेळी रद्द करतात. मी रोज सकाळी चहाबरोबर बुकिंगची वेबसाईट उघडून बघतो, आमच्या निम्म्या ट्रिपा अशाच मिळाल्यात. एका साईटवर आठ माणसं चालतात, तुम्ही सहा, तेव्हा एकच पुरे.

मिळाली की साईटचा नंबर आणि दारावरच्या स्टिकरचा आकडा इथे टाका. स्वतः ओढणार असलात तर ट्रेलर कुठल्या बाजूने आत घालायचा तेही सांगतो. मागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचं काम बाबांना द्यायला हरकत नाही, फक्त ते सतत तुमच्या आरशात दिसले पाहिजेत. दिसेनासे झाले की गाडी जागच्या जागी थांबवा.