मीटिंगमधे कळलं नाही तर परत कसं विचारायचं

ताई म्हणालीस म्हणून अगंतुगं करते. परदेशातल्या नोकरीबद्दल तू विचारलंयस, त्यातलं व्हिसा, टॅक्स, इन्शुरन्स सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत बसत नाही. पण शेवटी एका ओळीत तू विचारलंयस की तिकडच्या मीटिंगमधे काही कळलं नाही तर आपण ढ न वाटता परत कसं विचारायचं, तर त्या ओळीने मला सकाळपासून सोडलं नाहीये.

"सॉरी, माझं इंग्लिश जरा..." अशी सुरुवात अजिबात करू नकोस. लोक तेच वाक्य सावकाश आणि मोठ्याने म्हणतात, सोपं करून कोणी सांगत नाही. नुसतं "कळलं नाही" म्हटलं तरी तेच. कुठपर्यंत कळलं ते सांग आणि अडलंय तेवढंच विचार, म्हणजे "डेटा आपली टीम देणार इथपर्यंत कळलं, तो तपासणार कोण?" असं. नाहीतर तुला जे कळलंय ते बोलून दाखव, "म्हणजे शुक्रवारी फक्त ड्राफ्ट, फायनल नाही, बरोबर ना?" चुकलं असेल तर समोरचा झटकन दुरुस्त करतो, लोकांना समजावून सांगण्यापेक्षा दुसऱ्याला दुरुस्त करायला फार आवडतं (मलाही!). तारीख, आकडा आणि काम कोणाचं हे तिथल्या तिथे विचारायचं, बाकीचं नंतर चॅटवर चालतं. आणि शॉर्टफॉर्म पहिल्यांदा कानावर पडला की तेव्हाच विचार, महिन्याभराने जीभ रेटत नाही.

मायक्रोसॉफ्ट टीम्सवर मीटिंग असेल तर लाइव्ह कॅप्शन लाव, म्हणजे बोललेलं खाली अक्षरांत येतं, ते फक्त तुझ्याच स्क्रीनवर दिसतात. आपल्या नावांची पार वाट लावतात ते, आणि सेव्हही होत नाहीत, म्हणून मीटिंगनंतर "असं ठरलं असं मी समजते" एवढी दोन ओळींची मेल टाकून दे.

आता हे सगळं करूनही कधीकधी काही उपयोग होत नाही, ते पण ऐक. माझ्या मुलाला तिकडच्या शाळेत घालताना शाळेने त्याला एक वर्ष खाली बसवलं. मी अगदी गोड आवाजात विचारलं, का? "त्याला सेटल व्हायला बरं." कुठल्या विषयात कमी पडतोय? "ओव्हरऑल." लेखी मिळेल का म्हटलं तर बाई हसल्या आणि सहीसाठी फॉर्म पुढे सरकवला, तोही आधी दोनदा भरलेला, कारण पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे आणि जन्मदाखल्यावर नाही. गणितात पोरगा वर्गाच्या पुढे होता हो! त्याच्या ते लक्षातही नाही, माझ्या मात्र डोक्यातून जात नाही. तिथे माझी भाषा कमी पडली नव्हती, त्यांना सांगायचंच नव्हतं. तेव्हापासून ऑफिसमधे कोणी असं गुळगुळीत उत्तर दिलं की मी कारण विचारणं सोडून देते आणि थेट विचारते, हे ठरवतं कोण आणि मी त्यांना कधी भेटू शकते? तेही हसूनच. या प्रश्नाला "ओव्हरऑल" म्हणता येत नाही.

एकटं वाटतं का हेही विचारलंयस. वाटतं, मग कामाला लागतो आपण.

हां, एक राहिलं, अजेंडा आदल्या दिवशी मागून घेत जा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात, आणि अजेंडाच नसेल तर बाकीच्यांनाही फारसं काही माहीत नाहीये असं खुशाल समज.