कार्ड असूनही अनामत?

प्रश्न : डॉक्टर, माझे सासरे अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्यविमा योजनेचं कार्ड होतं म्हणून खाजगी हॉस्पिटलात नेलं. तिथे म्हणाले, आत घालायचा रॉड पॅकेजात, म्हणजे योजनेने ऑपरेशनला ठरवून दिलेल्या रकमेत, बसत नाही, ४०,००० अनामत भरा. आकडा कोऱ्या कागदावर लिहून दिला, ना शिक्का ना सही. शेवटी रात्री बांबोळीच्या सरकारी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेलं, ऑपरेशन तिथेच झालं. माझा भाऊ म्हणतो, सरकारने हॉस्पिटलं चालवूच नयेत, सगळ्यांना विमा द्यावा. स्पर्धा लागली की दर आपोआप उतरतील. खरं आहे का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : सासऱ्यांना उभं केलं का, ते आधी कळवा. या वयात पडून राहिलं की छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात.

भावाचं म्हणणं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खरं. एकीकडे मिरची महाग वाटली तर पुढच्या बाईकडे जाता येतं. विव्हळणाऱ्या माणसाला घेऊन किती दारं फिरणार? शिवाय रॉड कोणता हवा, हे तो घालणाराच ठरवणार.

सत्तरी तालुक्यात सरकारी आरोग्य केंद्रात माझी २२ वर्षं गेली. खाजगीवर माझा राग नाही. १०८ची गाडी २००८पासून खाजगी संस्थाच चालवते, पैसे सरकार देतं. रात्री दोन वाजता अडलेल्या बाळंतिणीला घेऊन ती बांबोळीकडे निघाली, की माझ्या जिवात जीव यायचा. पण गाडी किती मिनिटांत आली हे घड्याळात दिसतं. ऑपरेशन गरजेचं होतं का, हे दिसत नाही.

दीनदयाळ योजना २०१६ची. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. रक्कम बरी आहे. अडतं पॅकेजच्या दरावर. दर परवडला नाही की सोप्या केसेस खाजगीत राहतात आणि मधुमेह, किडनी, वय असं सगळं एकत्र असलेला माणूस बांबोळीला येतो. ते दार बंद असतं तर त्या रात्री तुम्ही कुठे गेला असता?

नेदरलँड्सने २००६ला मूळ आरोग्यविमा खाजगी कंपन्यांकडे सोपवला, पण कुणाला नाकारायचं नाही, आजारी म्हणून हप्ता वाढवायचा नाही, हे कायद्यातच घातलं. जिच्याकडे आजारी जास्त, त्या कंपनीला सामायिक निधीतून भरपाई मिळते. हे भावाला जरूर सांगा.

आणि तो कोरा कागद फाडू नका. मागे तारीख, वेळ, काउंटरवर कोण होतं ते लिहा, आणि कार्डाच्या झेरॉक्ससह आरोग्य खात्याकडे तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.