अचानक बंद झालेला कान आणि ‘संशोधनाने सिद्ध’ औषधे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे असे वाचले’ हे वाक्य आहे. ते संशोधन किती रुग्णांवर झाले आणि कशाशी तुलना करून झाले, हे मात्र एकाही पत्रात नाही. म्हणून आज उत्तरे त्याच अंगाने देत आहे.

प्रश्न : कानातला मळ काढण्यासाठी इअरबड चांगले की कानकोरणे?

दोन्ही नकोत. मळ बहुधा आपोआप बाहेर सरकतो; साचून कान बंद होत असेल, तर तो तपासून काढून घ्यावा.

प्रश्न : वडिलांच्या (वय ६७) कानात सतत शिट्टीसारखा आवाज येतो. जाहिरातीतल्या ‘क्लिनिकली प्रूव्हन’ जिन्कोच्या (एका झाडाच्या पानांचा अर्क) कॅप्सूल सुरू कराव्यात का?

नाही. जिन्को आणि निष्क्रिय गोळी (तशीच दिसणारी, पण औषध नसलेली) यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत कर्णनादासाठी जिन्कोचा खात्रीलायक फायदा आढळलेला नाही. वडील रक्त पातळ करणारी औषधे घेत असतील, तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, तो वेगळाच. ‘क्लिनिकली प्रूव्हन’ हे शब्द डब्यावर छापायला शाई तेवढी लागते. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची यंत्राने मोजणी, करून घ्यावी. ऐकणे कमी झाले असेल, तर श्रवणयंत्राने पुष्कळांना आवाजाचा त्रासही कमी जाणवतो. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर तपासणी लांबवू नये.

प्रश्न : तीन दिवसांपूर्वी सकाळी उठल्यावर उजवा कान बंद झाल्यासारखा वाटला. सर्दी असेल म्हणून मेडिकलमधून थेंब आणले. शेजारच्या काकू लसणाचे तेल घालायला सांगतात. त्यांचा असाच बंद झालेला कान त्याने आठ दिवसांत उघडला होता. आणखी आठवडाभर वाट पाहावी का?

मुळीच नाही. या सदराची वाट पाहण्यात आणखी दिवस जाऊ नयेत म्हणून आपल्याला आधीच कळवले आहे. येथे उत्तर देतो आहे ते इतरांसाठी.

कान बंद होण्याची दोन अगदी भिन्न कारणे रुग्णाला सारखीच वाटतात. एकात मळ किंवा सर्दीचे पाणी आवाजाची वाट अडवते. दुसऱ्यात आतला कान किंवा त्याची नस स्वतःच दुबळी होते. तोंड मिटून ‘म्ऽऽ’ असा हुंकार द्या आणि मग एक कान बोटाने बंद करून पुन्हा द्या : हुंकार बोट लावलेल्या कानात मोठा येतो. मळाने बंद झालेल्या कानातही असेच होते. मात्र नसेचा दोष असल्यास हुंकार चांगल्या कानाकडे सरकतो. आम्ही कानाचे डॉक्टर सेकंदाला ५१२ कंपने देणारा नादकाटा कपाळावर टेकवून हेच पाहतो. तरीही घरच्या हुंकारावर निदान करू नये. ते ऑडिओमेट्रीनेच होते.

आता काकूंच्या तेलाविषयी. नसेच्या दोषाने कान अचानक बंद झाल्यास सहसा स्टेरॉइड देतात. १९८० मध्ये अमेरिकेत विल्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अशा रुग्णांवरच्या चाचणीत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी ६१ टक्के रुग्ण सुधारले, तर निष्क्रिय गोळी मिळालेल्यांपैकी ३२ टक्के. म्हणजे औषधाविनाही जवळजवळ तिसरा हिस्सा सुधारतो. त्या आठवड्यात कोणी तेल घातलेले असले, तर श्रेय तेलाला जाते. आणि ज्यांचा कान उघडलाच नाही, ते शेजारणीला सांगायला जात नाहीत. काकूंना तर कदाचित नुसता मळच असेल. नियंत्रित चाचणीची गरज पडते ती याच कारणाने.

स्टेरॉइडचा पुरावाही निर्विवाद नाही, हे मान्य करायला हवे. नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०११ च्या २५० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत कानाच्या पडद्यातून दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन त्याच्या गोळ्यांपेक्षा कमी ठरले नाही, ही मधुमेहींसाठी महत्त्वाची बाब आहे, कारण गोळ्यांनी साखर चढते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत स्टेरॉइडच्या फार मोठ्या मात्रेचा नेहमीच्या मात्रेहून अधिक लाभ दिसला नाही; ‘डॉक्टरांनी डोस कमी दिला’ ही तक्रार त्यामुळे निराधार ठरते. वेळेबाबत मात्र गोंधळ नको : उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असते. माझ्याकडे येणारे कित्येक रुग्ण थेंबांच्या दोन बाटल्या संपवून तिसऱ्या आठवड्यात येतात, आणि तेव्हा करण्यासारखे फार थोडे उरलेले असते. क्वचित नसेवर गाठ असते, म्हणून एमआरआय सांगितल्यास तोही टाळू नये.

प्रश्न : नाकातील पॉलिपवरच्या (आतल्या मऊ वाढीवरच्या) नव्या औषधाच्या ट्रायलसाठी रुग्णालयाने संमतिपत्र दिले आहे. आमच्यावर ‘प्रयोग’ होतो आहे का?

होय, पण नियमांनी बांधलेला. २००९ च्या जूनपासून भारतात औषधांच्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया येथे करणे बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि तो तेथे स्वतः पाहा. २०१९ च्या नियमांनुसार नीतिसमितीची मान्यता आवश्यक असते, चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद असते, आणि आपण केव्हाही बाहेर पडू शकता. औषधाऐवजी निष्क्रिय फवारा मिळण्याची शक्यता किती आणि तोवर चालू उपचार थांबवावे लागतील का, हे विचारल्याशिवाय सही करू नका. घाईने सही मागणाऱ्याला कागद घरी नेऊन आपल्या डॉक्टरांना दाखवणार असल्याचे सांगा.

प्रश्न : मुलगी (वय १४ महिने) जन्मतः ऐकत नाही. जनुक-उपचार निघाला आहे असे वाचले. तो येईपर्यंत कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे ऐकण्याचे उपकरण) थांबवावे का?

थांबवू नये. शांघायमधील ज्या चाचणीचा निष्कर्ष २०२४ मध्ये आला, तीत सहापैकी पाच मुलांचे ऐकणे सुधारले, हे खरे आणि आनंदाचे आहे. परंतु ती मुले ओटोफर्लिन या एकाच जनुकातील दोषाची होती आणि जन्मजात बहिरेपणाची कारणे अनेक आहेत. मेंदूतील भाषेची घडण मात्र कोणत्याही चाचणीसाठी थांबत नाही. जनुक-तपासणी अवश्य करा, पण श्रवणयंत्र, इम्प्लांटचा निर्णय आणि स्पीच थेरपी या महिन्यातच कर्णतज्ज्ञांबरोबर ठरवा.

प्रश्न : नाक मोकळे करणारे थेंब मी दोन वर्षे रोज घालतो, न घातल्यास झोप लागत नाही. ब्रँड बदलू का?

ब्रँड नव्हे, सवय बदलायची आहे. आता नाक बहुधा थेंबांमुळेच बंद होत असावे. ते कसे सोडवायचे हे नाक तपासून घेऊन ठरवा, आणि येताना ती बाटली बरोबर आणा.