वाचक विचारतात : अमेरिकेतली कॉलेज सॉकरची चॅम्पियनशिप

प्रश्न : दादा, माझा भाचा अमेरिकेत शिकायला आहे. त्याच्या कॉलेजची टीम एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ चालवणारी संघटना) सॉकर, म्हणजे आपल्या फुटबॉलच्या, चॅम्पियनशिपमध्ये खेळतेय पण पहिल्या राउंडला त्यांची मॅचच नव्हती म्हणतो, असं कसं?

उत्तर : म्हणजे टीम तगडी आहे! डिव्हिजन वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाच्या स्पर्धेत, पुरुषांच्या 48 टीम्स असतात, त्यातल्या सीड, म्हणजे वरचं मानांकन, मिळालेल्या 16 थेट दुसऱ्या राउंडला जातात आणि उरलेल्या 32 आधी आपापसात खेळतात. कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांच्या गटाची आपली लीग, जिंकली की स्पर्धेत थेट एंट्री, बाकीच्या टीम्स समिती निवडते. नोव्हेंबरला सुरू होऊन डिसेंबरमध्ये फायनल, सगळं नॉकआउट, एक हरलात की सीझन संपला. शेवटच्या चार टीम्स उरतात त्याला कॉलेज कप म्हणतात, भाच्याला विचारा, त्याच्या तोंडी हाच शब्द असेल.

प्रश्न : मी हल्ली या मॅचेस बघायला लागलोय. टीम्समध्ये अर्धी मुलं परदेशी दिसतात. मग ही अमेरिकन कॉलेजची स्पर्धा कशी? त्यांच्या स्वतःच्या मुलांवर अन्याय नाही का हा?

उत्तर : हा वाद आजचा नाही हो, पन्नास वर्षांपेक्षा जुना आहे आणि माझं मत सरळ आहे, जो त्या कॉलेजात शिकतो तो त्या कॉलेजचा खेळाडू. हॉवर्ड युनिव्हर्सिटीचं उदाहरण बघा. कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक युनिव्हर्सिटी, कोच त्रिनिदादचे लिंकन फिलिप्स आणि टीममध्ये कॅरिबियन आणि आफ्रिकेतली मुलं. 1971 च्या फायनलला त्यांनी सेंट लुईस युनिव्हर्सिटीला 3-2 हरवलं, आणि सेंट लुईस म्हणजे तेव्हाची दादा टीम, 1959 ला पहिली स्पर्धा जिंकली तीही त्यांनीच. नंतर काही खेळाडूंच्या पात्रतेवर बोट ठेवून एनसीएएने हॉवर्डचं टायटल काढून घेतलं, प्रकरण कोर्टात गेलं, परदेशी विद्यार्थ्यांना वेगळा लावलेला नियम कोर्टाने रद्द केला तरी टायटल काही परत मिळालं नाही. मग 1974 ला हीच युनिव्हर्सिटी पूर्ण सीझन एकही मॅच न हरता फायनलला आली, समोर पुन्हा सेंट लुईस, मॅच त्यांच्याच शहरात आणि चार ओव्हरटाइम खेळून हॉवर्डने ती 2-1 जिंकली. त्या मुलांना परके म्हणणं मला तरी पटत नाही.

आणि स्थानिक मुलांचं म्हणाल तर चांगल्या खेळाडूंसमोर रोज खेळूनच खेळ सुधारतो. 2024 ला व्हरमाँट युनिव्हर्सिटीला सीडसुद्धा नव्हतं, फायनलला मार्शल युनिव्हर्सिटीविरुद्ध 0-1 मागे होते, दहाएक मिनिटं उरलेली असताना हंगेरीच्या मार्सेल पापने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये जर्मनीच्या मॅक्सिमिलियन किसलने गोल मारून मॅच संपवली. व्हरमाँटची ती पहिलीच ट्रॉफी, छोट्याशा राज्यातलं कॉलेज, त्या रात्री कोण कुठल्या देशाचा हे कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

प्रश्न : या मॅचेसमध्ये घड्याळ उलटं का चालतं आणि बाहेर गेलेला खेळाडू परत आत कसा येतो?

उत्तर : कॉलेजचे नियम वेगळे आहेत. हाफ 45 मिनिटांचाच पण घड्याळ 45 वरून शून्याकडे येतं, गोल झाला किंवा कार्ड दाखवलं की थांबतं त्यामुळे इंज्युरी टाइमची भानगडच नाही, शून्य झालं की संपलं, बॉल तोवर पूर्ण लाइनच्या आत गेला नसेल तर गोल नाही. बदलीचे नियमही सैल आहेत, बाहेर गेलेल्याला दुसऱ्या हाफमध्ये एकदा परत येता येतं. मला स्वतःला हे फारसं आवडत नाही, दमलेला खेळाडू विश्रांती घेऊन परत पळायला लागला की थकव्याची परीक्षा कमी होते.

ओव्हरटाइमचं मात्र पूर्वी अतीच होतं. 1985 ची फायनल सिएटलच्या किंगडोम स्टेडियममध्ये, यूसीएलए (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी) विरुद्ध अमेरिकन युनिव्हर्सिटी, आठव्या ओव्हरटाइमपर्यंत गेली, 166 मिनिटांनी यूसीएलएच्या पॉल बर्कने एकमेव गोल मारला तेव्हा कुठे निकाल लागला. आणि 1989 ला तर व्हर्जिनिया आणि सांता क्लारा 1-1 वर अडकले आणि दोघांनाही संयुक्त चॅम्पियन केलं. आता तसं होत नाही, ओव्हरटाइमनंतरही बरोबरी राहिली तर पेनल्टी, 2022 ला सिरॅक्यूज इंडियानाविरुद्ध तशीच जिंकली, 7-6.