कार्ब हीट: घरी विमान बांधणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

ठाणे-नवी मुंबईच्या गाळ्यांत आणि शेडमध्ये हलकी विमानं बांधणाऱ्यांकडून कार्ब्युरेटरमध्ये धरणाऱ्या बर्फाबद्दल तेच तेच प्रश्न येत आहेत. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणारा भाग. त्यातल्या बर्फावर उपाय कार्ब हीट: एक्झॉस्टच्या नळीभोवतीच्या आवरणात (हीट मफ) तापलेली हवा मूठ ओढून कार्ब्युरेटरमध्ये सोडायची. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

माझ्या इंजिनाला फ्युएल इंजेक्शन आहे. कार्ब हीट लागेल का? (ऐरोली)

नाही, त्यात कार्ब्युरेटरच नसतो. फिल्टर भिजून तुंबला तर इंजिनाला दुसरीकडून हवा मिळावी म्हणून पर्यायी हवेची झडप मात्र हवी. ती कुठे बसवायची ते इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहा.

किट विकणारा म्हणतो, बर्फ थंड देशात धरतो, आपल्याकडे हीट मफ म्हणजे नुसतं वजन. काढून टाकू का? (घोडबंदर रोड)

काढू नका. हे वाक्य किटचं वजन आणि किंमत कमी दाखवायला वापरलं जातं आणि ते चूक आहे.

बर्फ बाहेरच्या थंडीने धरत नाही, कार्ब्युरेटर स्वतः थंडी तयार करतो. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं, त्यात व्हेंच्युरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) दाब पडतो. दोन्ही मिळून आतलं तापमान २० ते ३० अंशांनी, कधी त्याहूनही जास्त उतरतं. वडापावच्या गाडीवर शेगडी जोरात चालू असली की सिलिंडरला बाहेरून पाणी सुटतं, त्यामागे हेच कारण आहे. बाहेर २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के, म्हणजे आपली जुलैतली नेहमीची हवा. ती कार्ब्युरेटरमध्ये शून्याखाली गेली की तिच्यातलं पाणी थ्रॉटलच्या पाकळीवर (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या चकतीवर) गोठतं. आर्द्रता पुरेशी असेल तर बाहेर ३८ अंश असतानाही बर्फ धरू शकतो. सर्वांत जास्त शक्यता २१ अंशांखाली आणि ८० टक्क्यांवरच्या आर्द्रतेत असते. बदलापूरकडची जानेवारीतली धुक्याची सकाळ नेमकी तशीच. उलट उणे दहाच्या कोरड्या हवेत गोठायला पाणीच कमी असतं.

खरा धोका उतरताना असतो. थ्रॉटल मिटलेला, पाकळी आणि भिंत यांच्यात जेमतेम फट उरलेली, त्यामुळे थोडाही बर्फ पुरतो. स्थिर पिचच्या (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) पंख्यावर आरपीएम हळूहळू घसरतात, वैमानिक नकळत थ्रॉटल थोडा पुढे सारतो, आणि खडखड सुरू होईपर्यंत बराच बर्फ जमलेला असतो. म्हणून थ्रॉटल मागे घेण्याआधी पूर्ण हीट ओढायची. लायकॉमिंगच्या बऱ्याच इंजिनांत कार्ब्युरेटर तेलाच्या सम्पखाली (तळाच्या तेलटाकीखाली) असल्याने त्याला थोडी ऊब मिळते. कॉन्टिनेन्टल ओ-२०० ला ती मिळत नाही. कुणी मफ आधीच काढलं असेल तर विमान देखभाल अभियंत्याला दाखवल्याशिवाय उडू नका.

वागळे इस्टेटमधून मफ बनवून घेतलं. हीट ओढली की १०० आरपीएम पडतात. पुरेसं आहे ना? (कळवा)

आरपीएम पडले म्हणजे गरम हवा पोचली. किती गरम, ते त्यातून कळत नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी तापमापकाचा प्रोब बसवा आणि हीट बंद-चालू करून फरक मोजा. प्रमाणित विमानांच्या अमेरिकी नियमांत टर्बोचार्जर नसलेल्या, साध्या व्हेंच्युरी कार्ब्युरेटरच्या इंजिनासाठी वर्षानुवर्षे ७५ टक्के शक्तीवर ५० अंशांची वाढ मागितली जात होती. घरी बांधलेल्या विमानावर तो नियम बंधनकारक नसला तरी आकडा तोच धरा. उकाड्याच्या दिवशी ही मोजणी जास्त वेळ चालू ठेवू नका. जास्त शक्तीवर गरम हवा दिली तर डेटोनेशन (सिलिंडरमधलं मिश्रण स्फोटासारखं पेटणं) होऊ शकतं, तेव्हा सिलिंडर हेडच्या तापमानावर नजर ठेवा.

वाढ कमी आली तर मफच्या आत एक्झॉस्टच्या नळीभोवती स्टीलची स्प्रिंग गुंडाळा, हवेला जास्त गरम पृष्ठभाग मिळतो. होज वॉशिंग मशीनचा नको. तो मऊ पडतो आणि इंजिनाच्या ओढीने चपटा होतो. तारेची गुंडाळी असलेला, सिलिकॉन चढवलेला विमानाचाच घ्या. हीट बंद असतानाही मफमधून हवा वाहून बाहेर पडली पाहिजे, नाहीतर आतली नळी तापून तडकते. मग एक्झॉस्टचा धूर थेट कार्ब्युरेटरमध्ये जातो. गरम हवेच्या झडपेचे रिव्हेट आणि स्क्रू सुटले तर तेही थेट इंजिनात जातील, म्हणून प्रत्येकाला लॉक हवा. केबलची मूठ पॅनेलला टेकण्याआधी झडप आपल्या टोकाला पोचली पाहिजे. हे सगळं अभियंत्याकडून तपासून सही घ्या.

हीट ओढली की इंजिन आणखीच अडखळतं. मी लगेच बंद करतो. (खारघर)

बंद करू नका. बर्फ वितळून त्याचं पाणी इंजिनातून जातं, म्हणून ते अडखळतं. थोड्या वेळात आरपीएम वर येतात. त्या क्षणी हीट काढली तर उरलेला बर्फ तसाच राहतो. आरपीएम वर येतच नसतील तर कारण दुसरं असेल. उतरा आणि इंजिन तपासून घ्या.

कायम अर्धी हीट ठेवली तर? (बदलापूर)

कार्ब्युरेटरच्या हवेचा तापमापक नसेल तर नाही. कोरडे हिमकण अर्धवट वितळून पुन्हा पाकळीवर चिकटू शकतात.

पंपावरचं पेट्रोल वापरतो. त्याने फरक पडतो का? (नेरुळ)

पडतो. मोटारीचं पेट्रोल विमानाच्या पेट्रोलपेक्षा लवकर उडतं, त्यात आता २० टक्के इथेनॉल. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, शिवाय ते हवेतलं पाणी धरतं. रोटॅक्स ९१२ इंजिनाला निर्मात्याची मर्यादा १० टक्क्यांची आहे. महाग प्रीमियम पेट्रोल म्हणजे इथेनॉलमुक्तच, असं धरून चालू नका. मोजनळीत १० मिलि पाणी आणि ९० मिलि पेट्रोल हलवून ठेवा. तळाचा पाण्याचा थर वाढला तर इथेनॉल आहे. मग ते टाकीत भरायचं की नाही, हे इंजिन निर्मात्याला विचारा, पंपावर नाही.

पहिल्या उड्डाणाची तारीख ठरली आहे. तापमानाची मोजणी नंतर केली तर? (डोंबिवली)

तारीख पुढे ढकला. जमिनीवरची मोजणी अभियंत्यासमोर आधी, उड्डाण नंतर.