८५ टक्के नेम आणि भिंतीत गेलेली गोळी

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सेलमध्ये 'एक्सकॉम २' हा कॉम्प्युटर गेम घेतला. आधी आपली चाल, मग परग्रहवाल्यांची, त्यामुळे माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसाला झेपतो. पण परवा शॉटगनची नळी एलियनच्या पोटात खुपसलेली, स्क्रीनवर नेम लागायची शक्यता ८५ टक्के, आणि गोळी मागच्या भिंतीत! एका मोहिमेत असं तीनदा झालं. हा गेम आकडे खोटे दाखवतो का? बायको म्हणते, पैसे परत मिळतात का बघ.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : पैसे परत मागू नका. आणि आकडा खोटा असलाच, तर तो तुमच्याच बाजूने खोटा आहे. सगळ्यात कठीण पातळी सोडली तर तुमचे नेम लागोपाठ चुकायला लागले की गेम गुपचूप तुमचा नेम थोडा वाढवतो, आणि हे स्क्रीनवर दाखवत नाही. तरी आपल्याला वाटतं, आपल्यावरच अन्याय होतोय.

आता ८५चा हिशेब. सोमवार ते शनिवार तुमची लोकल पाच दिवस वेळेवर आली आणि एक दिवस रखडली, तर ती जवळजवळ ८३ टक्के वेळेवर. अशा गाडीला मुलुंडकर चांगली गाडीच म्हणतील. पण लेटमार्क नेमका त्या एका दिवशी लागतो, आणि लक्षात तोच राहतो. ८५ टक्क्यांच्या पाच गोळ्या मारल्यात तर पाचही लागण्याची शक्यता फक्त ४४ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा एखादी तरी वाया जाणारच.

गेमचा खरा दोष गणितात नाही, चित्रात आहे. फासा पडतो तो आत कुठेतरी, आणि डोळ्यांना दिसते पोटात घुसलेली नळी. सोंगट्या असत्या तर आपण चिडलो नसतो.

म्हणून नेमावर विसंबायचं कमी करा. नवख्या सैनिकाचा मूळ नेम ६५. समोरचा उंच आडोशामागे असेल तर त्यातून ४० वजा, उरले २५. हे म्हणजे दिवाळीचा बाण बाटलीत न लावता सरळ जाईल अशी आशा. ग्रेनेड मात्र चुकत नाही. वर्तुळात आलेल्याला लागतोच, आणि आडोसाही उडवतो. आधी ग्रेनेड, मग बंदूक. गच्चीवर चढलात तर आणखी २० मिळतात.

आता माझी स्वतःची तक्रार. शत्रू टोळ्या करून हिंडतात, आणि तुमच्या सैनिकाने त्यांना पाहिलं रे पाहिलं की त्यांना फुकटात पळून आडोसा गाठायला मिळतो. हे घडतं कधी, तर तुमचा शेवटचा सैनिक 'जरा पुढे बघतो' म्हणून दोन घरं सरकतो तेव्हा. तुमची चाल संपलेली, समोर तीन ताजे शत्रू. किती रात्री मी यापायी घालवल्या! तेव्हा नियम एकच : नवी जागा उघडायची तर चालीच्या सुरुवातीला, पहिल्या सैनिकाने. शेवटच्याने मागेच राहायचं.

बऱ्याच मोहिमांत 'इतक्या चालींत उरका' अशी मुदत असते, त्यावर लोक फार बोंबलतात. मीही बोंबलले. पण २०१२ साली आलेल्या आधीच्या भागात आम्ही सगळे काय करायचो? दोन पावलं पुढे, मग पहारा. दोन पावलं, पहारा. पोस्टातली रांग बरी. मुदतीमुळे २०१६च्या या भागात धाडस करावं लागतं, आणि गोष्टीलाही ते शोभतं : २० वर्षांपूर्वी आपण हरलोय, पृथ्वीवर त्यांचं राज्य आहे, आपण लपूनछपून लढतोय. अगदीच सोसेना तर २०१७चं 'वॉर ऑफ द चोझन' हे जोडप्रकरण घ्या, त्यात मुदत वाढवायची सोय आहे. मात्र ते पहिल्याच खेपेला लावू नका, एकदम इतकं काही अंगावर येतं की जीव गुदमरतो.

आणि एक करा. सैनिकांची नावं बदला. गेमची खरी ताकद तिथे आहे, कारण मेलेला सैनिक परत येत नाही. मी गिरगावातल्या आमच्या चाळीचा आख्खा तिसरा मजला भरती केला होता. शेजारच्या काकू माझ्या स्नायपर, २३ बळी त्यांच्या नावावर. एका रात्री माझ्या आगाऊपणामुळे त्या गच्चीवर एकट्या सापडल्या आणि गेल्या. गेममधल्या बारमध्ये स्मृतीची भिंत आहे, तिथे त्यांचा फोटो लागला. सकाळी पाण्याच्या वेळेला त्याच काकू दारात वाटी घेऊन उभ्या, "विरजण आहे का गं?" माझ्याकडे तेवढंच होतं. सगळं दिलं.

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना आहे आणि वेळ मिळतो तो फक्त कल्याण लोकलमध्ये. असाच एखादा छोटा गेम?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : 'इन्टु द ब्रीच' (२०१८). ८ बाय ८ घरांचा पट, तीन यंत्रमानव, जमिनीतून वर येणारे राक्षसी किडे. कोणता किडा कुठे वार करणार हे तो आधीच दाखवतो, त्यामुळे मुलुंडकरांसारखी टक्क्यांवरून भांडणं जवळजवळ नाहीत. त्याला ढकलून त्याच्याच भावावर वार करायला लावलात की गाडीत एकट्याला हसू फुटतं. पात्रांत मात्र जीव नाही, विरजण देण्याइतकं कुणी जवळचं होत नाही. २०२२मध्ये तो नेटफ्लिक्समार्फत फोनवरही आला. ठाण्याला धक्काबुक्की सुरू झाली की खिशात टाका. तुम्ही चाल केल्याशिवाय किडे हलत नाहीत.